फावल्या वेळची सुई

मराठीतील 'विणणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. मागावर कापड विणले जाते, बुरूड टोपली विणतो, सुतळीने बाज विणतात, आणि घरात बाळाची चाहूल लागली की कोणीतरी लोकरीची टोपडी-मोजे विणावयास घेते. क्रियापद एकच, पण त्याची नामे मात्र निराळ्या वाटांनी गेली. 'विणकर' म्हटले की पोटाचा धंदा, माग, आणि बहुधा पुरुष डोळ्यांपुढे येतो. लोकरीचे 'विणकाम' म्हटले की दुपारची गृहिणी. शिवण्याचेही तेच. 'शिंपी' हा व्यवसाय, त्याला थेट नामदेवांपर्यंतची परंपरा. 'शिंपीण' म्हणजे मात्र रूढ अर्थाने शिंप्याची बायको, मग काजे-बटणे तीच का करीत असेना.

आज शहरातील अनेक स्त्रिया आठवड्याच्या सुट्टीतला एक दिवस लोकर, क्रोशाच्या सुया, अस्तर, लेस यांच्या खरेदीत आणि दुसरा दिवस ते शिवण्या-विणण्यात आनंदाने घालवतात. त्यास आपण छंद म्हणतो. या शब्दामागे दीडशे वर्षांचा एक वाद दडलेला आहे, तिकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मुलींसाठी शाळा काढल्या, तेव्हा अक्षरओळखीबरोबर सुईदोराही वर्गात आला. पुढे एतद्देशीय सुधारकांनीही तो सोडला नाही. प्रश्न होता तो सुई कशासाठी शिकवायची हा. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, सुरू झाले. तिच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या 'मराठा' पत्राने १८८७च्या सुमारास झोड उठवली. मुलींना इंग्रजी वळणाचे उच्च शिक्षण नको. मातृभाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम पुरे, शाळाही थोड्याच तासांची असावी, म्हणजे घरकामास वेळ उरेल, असा त्या टीकेचा रोख होता. येथे सुई पुस्तकाच्या विरोधात उभी केलेली दिसते. शिवणकाम या विषयाकडे पुढे अनेक शिकलेल्या स्त्रियांनी तुच्छतेने पाहिले, त्याचे एक मूळ आमच्या मते या वादात आहे.

पण तीच सुई दुसऱ्या हातांत गेली की तिचा अर्थ पालटतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात शिवण, माग, छापखाना असे उद्योग चालले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुण्याच्या सेवासदनात (१९०९) शिवणाचे वर्ग होते. येथे सुईचा संबंध फावल्या वेळाशी नव्हता. विधवेने, परित्यक्तेने कोणाच्या दारी न जाता चार पैसे मिळवावेत, हा हेतू होता. एकाच टाक्याचे हे दोन अर्थ: एक बाईला घरात ठेवणारा, दुसरा तिला घराबाहेर पाय ठेवू देणारा. आपल्या सामाजिक इतिहासकारांनी पहिल्याची चर्चा पुष्कळ केली. दुसऱ्याची, शिवणवर्गाच्या बाकांवर बसून, फारशी केलेली नाही.

शिवणयंत्राने हा दुसरा अर्थ घरोघर नेला. यंत्रसंस्कृतीवर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली झालेल्या एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद केले होते. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून प्रेमापोटी त्याने ते घडवले, असे त्यांचे म्हणणे. (प्रत्यक्षात आयझॅक सिंगर हा कुटुंबवत्सल गृहस्थ मुळीच नव्हता. अनेक स्त्रियांपासून त्याला वीसहून अधिक मुले होती. असो.) मराठी कथेत आणि चित्रपटात मशीन चालवून मुले वाढवणारी आई इतक्यांदा आली की तो एक साचा झाला. साचा होण्याइतके ते वास्तव आपल्या आसपास होते, हे मात्र विसरू नये.

'छंद' या शब्दाची किंमत कोण मोजते, हे पाहावयाचे तर महाराष्ट्राबाहेर, आंध्रातील नरसापूरला जावे लागते. तेथे क्रोशाची लेस मिशनरी स्त्रियांनी आणली. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील लेस विणणाऱ्यांवरचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध केले. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या, परदेशी बाजारासाठी माल करणाऱ्या या बायका कामगार नव्हेत, घरी बसून फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी आहेत, असे मानले जाई. त्यामुळे मजुरी किमान वेतनाहून पुष्कळच कमी, आणि व्यापारातला नफा पुरुषांकडे. 'फावला वेळ' हे शब्द येथे हिशेबाच्या वहीतले आहेत.

आपल्या गोधडीची गोष्ट याहून निराळी. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ना छंद म्हटली गेली, ना धंदा. ते नुसतेच काम होते. ती भिंतीवर टांगण्याची वस्तू झाली ती अगदी अलीकडे.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी या विषयात एक दुर्लक्षित साधन आहे. विणीचे नमुने उतरवून घेतलेल्या वह्या अनेक घरांत होत्या, काही आजही सापडतात. 'एक सुलट, एक उलट', 'दोन टाके एकत्र', 'हीच ओळ पुन्हा' अशी त्यांची आज्ञार्थी, तोकडी, संक्षेपांनी भरलेली भाषा. मध्येच कोणाच्या तरी स्वेटराची मापे, टाचणीने लावलेला लोकरीचा तुकडा, कोणाकडून वीण शिकली तिचे नाव. आत्मचरित्र लिहिण्याची सवड वा धाडस नसलेल्या बायकांचे हे हस्तलेखन आहे. बखरींच्या आणि बाडांच्या शेजारी त्यांना जागा देणारे ग्रंथालय आमच्या पाहण्यात नाही. या वह्या बहुधा घर बदलताना रद्दीत जातात. परवा एका विद्यार्थिनीने आजीची अशी वही दाखवली. तिच्या शेवटच्या पानावर एक बाळमोजा अर्धाच उतरवलेला होता, टाचेपर्यंत.