कावळा, फळ आणि औषधाची गोळी

आपल्याकडे ‘काकतालीय न्याय’ सांगतात. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ खाली पडलं. मग कावळ्यानं फळ पाडलं, असं म्हणायचं का? तर्कशास्त्राच्या तासाला याचं उत्तर सोपं आहे. रुग्णाच्या अंगावर पुरळ उठतं, तेव्हा मात्र ते तितकं सोपं राहत नाही.

कुष्ठरोगाचंच घ्या. चंद्रपूरकरांना या आजाराची ओळख करून द्यायला नको. बाबा आमट्यांनी वरोऱ्याची महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन केली. त्याच दशकात डॅप्सोन हे औषध कुष्ठरोगावर वापरात येऊ लागलं होतं. हे रसायन तयार झालं होतं १९०८ मध्येच, पण त्याचा हा उपयोग कळायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. स्वस्त गोळी, मोठा आधार. पण काही मोजक्या रुग्णांना औषध सुरू झाल्यावर साधारण चार-सहा आठवड्यांनी ताप यायचा, अंगभर पुरळ उठायचं, गाठी सुजायच्या, कावीळ व्हायची. ऑलडे आणि बार्न्स यांनी १९५१ मध्ये याचं वर्णन ‘डॅप्सोन सिंड्रोम’ या नावानं केलं. अशा वेळी गोळी ताबडतोब बंद करावी लागते, नाहीतर जीवावर बेततं.

आता दुसरा रुग्ण पाहा. त्याचंही औषध नुकतंच सुरू झालंय. त्यालाही ताप आलाय, अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठल्यात. ही मात्र ‘लेप्रा रिॲक्शन’. जंतूंविरुद्ध शरीराचीच प्रतिक्रिया. ती उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा नंतरही येते. इथे कुष्ठरोगाचं औषध चालूच ठेवायचं आणि सूज उतरवणारं औषध जोडीला द्यायचं. उशीर झाला तर नसा निकामी होतात, बोटं वाकडी होतात, पाऊल लुळं पडतं.

म्हणजे बघा, वरवर सारखी दिसणारी लक्षणं आणि कर्तव्यं अगदी उलट! एका ठिकाणी कावळा दोषी, दुसऱ्या ठिकाणी निर्दोष. रुग्ण बिचारा दोन्हीकडे एकच म्हणतो, “गोळी खाल्ली अन् हे झालं.”

कारण ठरवायला आपले शास्त्रकार अन्वय-व्यतिरेक वापरतात: हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. गोळी थांबवून व्यतिरेक पाहता येतो. पण अन्वयाची खात्री करायला तीच गोळी पुन्हा द्यायची? डॅप्सोनच्या बाबतीत तो जीवाशी खेळ आहे. इथे ज्ञानाला नीती अडवते, आणि अडवायलाच हवं. म्हणून वैद्यकाला दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. १९८१ मध्ये नारान्हो आणि सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची मोजपट्टी दिली: त्रास औषधानंतर सुरू झाला का, थांबवल्यावर उतरला का, दुसरं काही कारण संभवतं का. २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डॅप्सोनच्या या धोक्याशी जोडलेली एक जनुकीय खूण शोधली.

पण या सगळ्याचा पाया एकच आहे: कोणती गोळी, कोणत्या तारखेला सुरू झाली. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथल्या माणसाला दोन्ही धोके आधीच, त्याच्या भाषेत, माडियात किंवा गोंडीत, सांगायला हवेत. आणि एकदा औषध बाधलं, तर त्याचं नाव त्याच्या कार्डावर ठळक लिहायला हवं. पुढचा डॉक्टर अनोळखी असेल. रुग्णाला गोळीचा रंग आठवेल, नाव आठवणार नाही. तेवढी एक ओळ त्याला वाचवू शकते.