नावे घातलेली भांडी : पनवेल परिसरातील गृहसंसाराचे एक साधन

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हटली की बखरी, शकावल्या, महजर, करीने आणि इनामपत्रे यांचेच स्मरण प्रथम होते. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि इ. स. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून कागदांचा शोध पुष्कळ झाला. घरातील फडताळावर व माळ्यावर ठेवलेल्या भांड्यांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही. वस्तुतः भांडे हीही लेख धारण करणारी वस्तू आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा ताम्रपट भिंग लावून वाचणाऱ्या पंडिताने त्याच धातूच्या हंड्याच्या काठावरील नाव न वाचताच त्यातील पाणी प्यावे, हा प्रकार काहीसा विनोदीच म्हणावा लागेल.

भांड्यांवर नाव घालण्याची चाल हौसेतून नव्हे, तर गरजेतून निघाली. लग्नमुंजीच्या प्रसंगी शंभर-दोनशे पानांची पंगत उठवावयाची, तर त्यास पुरेल एवढी भांडी एका घरी क्वचितच असत. आळीतून पातेली, पराती, घंगाळे, ओगराळी, तपेली मागून आणावी लागत. कार्य उरकल्यावर ती ज्याची त्यास परत करावयाची असत. एकसारख्या घडणीच्या वीस पातेल्यांतून आपले पातेले ओळखावयाचे ते नावावरूनच. ज्ञातिसंस्था व देवस्थानेही अशी भांडी बाळगीत आणि अल्प भाड्याने देत. त्यांवर अर्पण करणाराचे नाव असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कोकणातील यजमान पाहुण्यांसाठी ताटे जमवीत नसे. पंगतीचे ताट म्हणजे केळीचे पान किंवा पत्रावळ. जेवण झाले की ते टाकून द्यावयाचे. त्यामुळे पाहुणचारासाठी घरात जो संग्रह होई तो रांधण्याच्या व वाढण्याच्या भांड्यांचा. युरोपात याच्या उलट घडले. इ. स. १७१० मध्ये जर्मनीतील माइसेन येथे चिनी मातीचा कारखाना निघाल्यावर एकाच नक्षीच्या बशांचा संच ही तेथील श्रीमंत यजमानाची प्रतिष्ठा ठरली. मराठी घरात भांडी एकमेकांशी जुळली पाहिजेत, हा आग्रहच नव्हता. जुळवावयाचे ते वजन. संस्कृतातील ‘भाण्ड’ या शब्दाचे पात्र आणि विक्रीचा माल असे दोन्ही अर्थ आहेत. भांडार आणि भांडवल हे शब्द त्याच कुळातले. भांडे शेरावर विकत घ्यावयाचे आणि अडचणीच्या वेळी घट वजा करून मोडीत घालावयाचे, ही रीत पाहिली म्हणजे ते कुळ किती यथार्थ आहे हे कळते.

पनवेल हे या दृष्टीने अभ्यासास सोयीचे गाव आहे. बोरघाटातून आगगाडी इ. स. १८६३ मध्ये सुरू होईपर्यंत मुंबईहून पुण्याकडे जाणारा माल बहुधा पडावातून पनवेल बंदरास उतरे आणि तेथून गाडीवाटेने घाट चढे. बोरघाटातील गाडीरस्ता इ. स. १८३० मध्ये माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला होता. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तांब्यापितळेचा पत्रा विलायतेहून मुंबईस येई व पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर त्याची भांडी घडवीत. तो पत्रा ज्या वाटेने जाई तिच्या नाक्यावर हे गाव वसलेले होते. इ. स. १८५२ इतक्या लवकर येथे नगरपालिका आली, यावरून गावाच्या तत्कालीन व्यापाराची कल्पना येते. आगगाडीने ती वाहतूक पुष्कळशी हिरावून नेली.

लेखांच्या कालनिर्णयासही हे गाव उपयोगी पडते. पनवेल तालुका इ. स. १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या साली तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला आणि कुलाब्याचे नाव इ. स. १९८१ मध्ये रायगड झाले. तेव्हा एखाद्या भांड्यावर गावाबरोबर जिल्ह्याचे नाव असेल, तर वर्ष दिलेले नसूनही लेखाचा काळ ठोकळमानाने ठरतो. शक दिला असेल, तर त्यात ७८ मिळविले की इसवी सन निघतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. मोडी अक्षर, ठोकून उमटविलेल्या टिंबांचे बालबोध अक्षर आणि विजेच्या यंत्राने कोरलेले पातळ अक्षर असा क्रमही लक्षात ठेवावा. मात्र भांडे जेथे सापडले तेथलेच ते असे समजणे चुकीचे होय. नव्या सुनेबरोबर ते पेणहून, वसईहून किंवा घाटावरूनही आलेले असू शकते. आणि भांड्यांचा हा प्रवासच त्या कुटुंबाच्या सोयरिकींचा नकाशा असतो.

नित्याच्या वापराची निवड कशी होई, तेही पाहण्यासारखे आहे. पाण्यासाठी व स्नानासाठी तांबे, म्हणजे हंडा, घागर, घंगाळ, बंब. रांधण्यासाठी कल्हई केलेले पितळ. ताटवाटीसाठी ऐपतीप्रमाणे पितळ, कासे किंवा चांदी. तळण्यासाठी लोखंडी कढई. पीठ मळण्यास लाकडी काथवट. कढीसारख्या आंबट पदार्थास दगडी. कोळी व आगरी घरांत माशाचे कालवण मातीच्या तवलीत शिजे आणि त्याची चव पितळेत येत नाही, हे त्या घरांतील मत आजही बदललेले नाही. कोकणच्या स्वयंपाकात आमसूल, चिंच व ताक यांचा वापर फार; कल्हई उडालेल्या भांड्यात असा पदार्थ राहिला की तो कळकतो. म्हणून नवसागर, कथील आणि भाता घेऊन दारोदार येणारा कल्हईवाला हा गृहव्यवस्थेचा आवश्यक घटक होता. शुद्धाशुद्धतेचा विचार होताच, परंतु रसायनाचा विचारही त्याइतकाच होता. पहिल्याचीच चर्चा करून दुसरा सोडून देण्याची प्रवृत्ती सामाजिक इतिहासाच्या लेखनात दिसते, ती योग्य नव्हे.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे. मुलीच्या लग्नात रुखवताबरोबर व आहेरात जी भांडी येत, त्यांवर वधूचे नाव, देणाराचे नाव, नाते आणि पुष्कळदा तिथी कोरलेली असे. मनुस्मृतीने सहा प्रकारचे स्त्रीधन सांगितले आहे; विवाहाग्नीसमक्ष मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रेमाने दिलेले, आणि पिता, माता व बंधू यांच्याकडून आलेले. कात्यायनाने ‘शुल्क’ या स्त्रीधनप्रकाराची जी व्याख्या केली आहे, तीत घरातील उपकरणांच्या मूल्याचा स्पष्ट निर्देश आहे. या वचनांचा विस्तृत विचार म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात केला आहे. शास्त्राने हक्क दिला. तो सिद्ध करण्यास पुरावा कोठून आणावयाचा? दागिना आटविता येतो, रोकड खर्च होते, स्त्रियांच्या नावे कागद तर क्वचितच होत. अशा स्थितीत हंड्याच्या काठावरील दोन ओळी हाच तिच्यापाशी असलेला लेखी आधार होता. हुंडा प्रतिबंधक कायद्यान्वये इ. स. १९८५ मध्ये झालेल्या नियमांनी वधूस मिळालेल्या भेटींची यादी ठेवण्यास सांगितले. तीत वस्तूचे वर्णन, अंदाजी किंमत, देणाराचे नाव व नाते लिहावयाचे असते. किंमत वगळली तर ही यादी तांबटाच्या छिन्नीने पूर्वीच लिहून ठेवली होती. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही पत्नीचीच मालमत्ता असून सासरच्या ताब्यात ते विश्वस्ताप्रमाणे असते, असा निर्णय दिला.

या हक्काची दुसरी बाजूही सांगावयास हवी. अनेक घरांत स्त्रिया पुरुषांची पंगत उठल्यावर जेवीत आणि पत्नीने पतीच्या उष्ट्या ताटात जेवावे अशी चाल होती. ताटावर नाव एकीचे असे, परंतु त्या ताटात अन्न प्रथम वाढले जाई ते दुसऱ्यास. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याच्या चालीमुळे कुमारिकेच्या नावाने कोरलेले भांडे दोन पिढ्यांनंतर घरातल्यांनाच ओळखू येईनासे होई. वंशावळीत जिला केवळ अमक्याची पत्नी म्हणून स्थान मिळाले, तिचे माहेरचे नाव एखाद्या तपेलीवर सापडण्याचा संभव आहे. तपेली वाचण्याचे कारण ते हेच.

परंतु हे साधन सर्वांचे नाही. पनवेलच्या डोंगरपट्टीतील कातकरी व ठाकूर यांच्या घरी मडकी व भोपळ्याची पात्रे होती. तेथे नाव घालण्याजोगा धातूच नव्हता. काही ठिकाणी धातू बाळगणे हाच अपराध ठरला. अहमदाबाद जिल्ह्यातील झाणू गावी इ. स. १९३५ मध्ये अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांच्यावर हल्ला झाल्याची हकीकत डॉ. आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या इ. स. १९३६ च्या ग्रंथात नमूद केली आहे. कुलाबा जिल्ह्यातच महाड येथे इ. स. १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. इ. स. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात उपाहारगृहे व धर्मशाळा यांतील भांडी वापरण्यास मनाई करणे हा गुन्हा म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावा लागला. तेव्हा भांड्यांवरील नावे वाचताना ज्यांची नावे तेथे असूच शकत नव्हती, त्यांचाही हिशेब धरला पाहिजे.

पुढे चहाबरोबर कपबशी आली. इ. स. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून रानडे, टिळक आदींना ग्रामण्यास तोंड द्यावे लागले होते. परंतु लवकरच कपबशी पाहुणचाराचे मुख्य उपकरण बनली. तिच्यावर नाव कोरता येत नाही आणि फुटली तर मोड येत नाही. ॲल्युमिनियम स्वस्त म्हणून शिरले. नंतर निष्कलंक पोलाद, म्हणजेच स्टेनलेस स्टील, आले. त्यास कल्हई नको, ते कळकतही नाही. बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे देऊ लागली, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटलेल्या वाट्या व ताटल्यांनी मांडण्या भरल्या. स्टीलवरही नावे घालीत, पण मंगल कार्यालये व भाड्याची भांडी आल्यावर उसनवारी संपली आणि नाव घालण्याचे मूळ प्रयोजनच उरले नाही.

जुन्या घरांच्या जागी इमारती उठत असता तांब्यापितळेची भांडी वजनावर जात आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी अशा वस्तूंचे जतन झाले आहे. तथापि संग्रहालयात बहुधा घडणीने सुंदर तेवढे पोहोचते. शिवाय रोजचे पातेले झिजून, डाग देऊन, शेवटी मोडीत जाते, आणि वर्षातून दोनदा माळ्यावरून उतरणारी परात शंभर वर्षे टिकते. त्यामुळे शिल्लक भांड्यांवरून पाहता पूर्वीचे लोक नित्य मेजवान्याच देत असत असा भ्रम होण्याचा संभव आहे. यासाठी नोंद करताना केवळ मजकूर उतरून न थांबता भांड्याचे वजन, बुडाची झीज, दिलेले डाग, कल्हईचे थर आणि नाव काठावर आहे की बुडाखाली, हे सर्व टिपावे. काठावरचे नाव पंगतीत भांडे परत मागण्यासाठी असते. बुडाखालचे बहुधा घरातल्या घरात.