आकाशातलं लोखंड आणि घरातली तलवार



जुन्या शस्त्रांवरचे भाग सुरू केल्यापासून मला एक प्रश्न सतत विचारला जातो. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, तंजावर, बेळगाव अशा ठिकाणच्या मराठी घरांतून फोटो येतात. कुणाकडे पणजोबांची तलवार असते, कुणाकडे कट्यार. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, किंवा इतक्या वर्षांत त्याला फारसा गंज लागलेला नसतो. मग विचारणा होते, "साहेब, हे उल्केच्या लोखंडाचं आहे असं आमच्याकडे सांगतात. खरं का?"

प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यात नुकसान होऊ शकतं. "उल्केचं" म्हटलं की किंमत वाढते, आणि खात्री करून देतो म्हणणारा माणूस पात्यावर कानस चालवतो किंवा तेजाब टाकतो. दोन-तीनशे वर्षं टिकलेली वस्तू पाच मिनिटांत खराब होते. म्हणून आज, आकाशातून पडलेल्या लोखंडाचं हत्यार खरोखर कसं ओळखतात, ते पाहू.

सुरुवात आपल्याच देशातल्या प्रकरणापासून करू. साल १६२१, महिना एप्रिल. पंजाबात जालंधर परगण्यातल्या एका गावात सकाळी पूर्वेकडून भयंकर आवाज झाला आणि काहीतरी तेजस्वी जमिनीवर पडलं. परगण्याचा आमिल महंमद सईद स्वतः घोड्यावर बसून तिथे गेला. दहा-बारा गज जमीन जळलेली दिसली. त्याने खणायला लावलं, तेव्हा लोखंडाचा गोळा निघाला. तो पिशवीत घालून दरबारी पाठवला. बादशहा जहांगीरने तो आपल्यासमोर तोलायला लावला. वजन भरलं १६० तोळे, म्हणजे जवळपास दोन किलो.

पुढे उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला हुकूम झाला की याची तलवार, खंजीर आणि सुरी कर. दाऊदने सांगितलं की हे लोखंड घणाखाली टिकत नाही, फुटतं. मग तीन भाग हे लोखंड आणि एक भाग साधं लोखंड असं मिसळून त्याने दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडवली. ही सगळी हकीकत जहांगीरने आपल्या आठवणींत, म्हणजे 'तुझुक-ए-जहांगिरी'त, लिहून ठेवली आहे. यातली सुरी आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. तिच्या पात्यावर सोन्यात कोरलेला मजकूर आहे.

फौजेत बातमी आली की आम्ही आधी विचारायचो : कुणी पाहिलं, कधी पाहिलं, आणि दुसऱ्या कुणाकडून ती जुळते का? या कसोटीवर जहांगीरची नोंद फार चांगली उतरते. परगणा आहे, महिना आहे, अधिकाऱ्याचं नाव आहे, वजन आहे, कारागीर आहे, धातूचं प्रमाणही आहे. शिवाय दाऊदची तक्रार शोभेसाठी रचलेली वाटत नाही. उल्केच्या लोखंडात ठिकठिकाणी गंधकाचे कण असतात, आणि गंधक असलेलं लोखंड लाल तापवून ठोकलं तर ते तडकतं. बादशहाचं कौतुक करणाऱ्याला ही अडचण सुचली नसती. ती भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाने सांगितली असणार.

पण नोंदीतलं सगळंच डोळे मिटून घ्यायचं नाही. जसजसं खणलं तसतशी जमीन जास्त तापलेली लागली आणि गोळा गरम निघाला, असंही त्यात आहे. एवढी लहान उल्का हवेत वरचा पातळ थर जाळून घेते, पण तिचा गाभा थंडच राहतो. ती जमिनीवर येते तेव्हा बहुधा हाताला सोसवेल इतपतच असते. तेव्हा जळलेल्या जमिनीचं वर्णन भीतीने आणि सांगोवांगीने वाढलं असावं. एका तपशिलावर शंका घेतल्याने बाकीची साक्ष बाद होत नाही, फक्त कुठल्या वाक्यावर किती भार टाकायचा ते कळतं. आणि हेही लक्षात घ्या, की आकाशातून दगड-लोखंड पडतं हे युरोपात जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी याने पुस्तक लिहून मांडलं ते १७९४ मध्ये, आणि तेव्हाही त्याची थट्टा झाली. जहांगीर त्याला विजेचं लोखंड समजत होता, तरी घटना त्याने १७३ वर्षं आधी लिहून ठेवली होती.

आता जिथे अशी नोंद नाही तिथे काय करायचं? तिथे धातूलाच विचारावं लागतं. उल्केच्या लोखंडात निकेल असतं, साधारण ५ टक्क्यांपासून पुढे, आणि सोबत थोडं कोबाल्ट. भट्टीत खनिज वितळवून काढलेल्या जुन्या लोखंडात निकेल सहसा नगण्य असतं. इजिप्तच्या तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली आणि १९२५ मध्ये त्याच्या ममीच्या गुंडाळीत एक लोखंडी खंजीर मिळाला. तो उल्केचा असावा हा अंदाज जुना होता. २०१६ मध्ये इटली आणि इजिप्तच्या संशोधकांनी क्ष-किरणांचं हातात धरता येणारं यंत्र वापरून त्याची तपासणी प्रसिद्ध केली. निकेल जवळजवळ ११ टक्के आणि कोबाल्ट ०.६ टक्क्यांच्या आसपास निघालं. पात्याला ओरखडासुद्धा पडला नाही.

मात्र नुसतं निकेल पुरत नाही. काही खनिजांतच निकेल असतं. आजच्या स्टेनलेस पोलादातही ते असतं, आणि नवी नक्षीदार पाती बनवणारे मुद्दाम निकेलवालं पोलाद मिसळतात. म्हणून निकेल आणि कोबाल्ट यांचं एकमेकांशी प्रमाण बघतात, आणि मिळाली तर धातूची आतली रचनाही. आकाशात हा धातू लाखो-करोडो वर्षं सावकाश थंड होतो, त्यामुळे त्यात एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी तयार होते. ती माणसाच्या भट्टीत होत नाही. पण लोहाराने तापवून खूप ठोकलं की ती पुसली जाते.

स्वित्झर्लंडमधलं एक बाणाचं टोक याचं उत्तम उदाहरण आहे. मोरिगेन नावाच्या कांस्ययुगीन वस्तीत सापडलेलं, चार सेंटिमीटरपेक्षाही लहान, वजन तीन ग्रॅमच्या आत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यात ८.३ टक्के निकेल आढळलं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम-२६ हा किरणोत्सारी अंश मिळाला, जो अवकाशातल्या किरणांच्या माऱ्यात तयार होतो. जवळच, काही किलोमीटरवर, ट्वानबर्ग इथे उल्केचे तुकडे सापडतात. कुणालाही वाटेल की लोखंड तिथलंच. पण धातूचं प्रमाण जुळलं नाही. जुळण्याची शक्यता जास्त दिसली ती एस्टोनियातल्या कालियार्वच्या उल्केशी, तीही दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर.

आता आपल्या घरातल्या तलवारीकडे या. पात्यावरच्या लाटा बहुतेक वेळा जौहराच्या असतात. दक्षिण भारतातल्या कारागिरांनी मुशीत बनवलेल्या पोलादात कार्बनमुळे ती नक्षी उमटते. हे पोलाद इराण-अरबस्तानापर्यंत जात होतं. तुमची तलवार फिरंग असेल तर पातं युरोपातून आलेलं असू शकतं. आणि लोखंड खूप जुनं आहे म्हणून ते आकाशातलं, हेही चालणार नाही. नागपूरजवळ नायकुंडच्या उत्खननात महापाषाणकालीन वस्तीत लोखंड वितळवण्याची भट्टीच सापडली आहे. विदर्भातल्या त्या लोकांना उल्केची वाट बघण्याची गरज नव्हती.

माझ्या मते हे ऐकून कुणी हिरमुसू नये. उल्का पडणं हा योगायोग. माती-दगडातून पोलाद काढणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. आपल्या पूर्वजांच्या हातात बहुतेक करून हे कसब होतं.

तेव्हा तीन गोष्टी करा. पात्याला कानस, तेजाब, चिंच-लिंबू काहीही लावू नका. लोहचुंबकाने निर्णय करू नका, साध्या लोखंडालाही तो चिकटतोच. आणि तलवारीबद्दल घरात जे सांगतात ते आजच वहीत उतरवा : कुणाची, कुठल्या गावाहून आली, कुणी सांगितलं. क्ष-किरणांची तपासणी दहा वर्षांनीही होईल, ती मोठ्या संग्रहालयामार्फत किंवा विद्यापीठामार्फत करून घेता येते. पण सांगणारी आजी दहा वर्षांनी असेलच असं नाही. जालंधरच्या त्या गोळ्याबद्दल आपण आज बोलू शकतो, कारण कुणीतरी त्याचं वजन त्याच वेळी लिहून ठेवलं.

जय हिंद.