कामिएनेत्सचा मिनार

सतराव्या शतकातील पोलंड व तुर्कस्तान यांच्या सीमायुद्धांस ‘क्रूस विरुद्ध चंद्रकोर’ असे संबोधण्याचा प्रघात आहे. आमच्या मते हे वर्णन अपुरे आहे. १६७२ च्या ऑगस्टमध्ये सुलतान चौथा मेहमेद याने पोदोलिया प्रांतातील कामिएनेत्सचा किल्ला घेतला, तेव्हा दोरोशेंको हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कझाक सरदार त्याच्या पक्षास होता. उलट, पोलंडच्या सैन्यात मुसलमान तातार पिढ्यान्‌पिढ्या लढत आले होते. वेतन थकले, धर्मस्वातंत्र्यही आकुंचले. तेव्हा त्यांपैकी कित्येक सुलतानास मिळाले. १६७३ मध्ये खोतिन येथे तुर्कांचा पराभव करणाऱ्या यान सोबिएस्कीने हे ओळखले. राजा झाल्यावर १६७९ मध्ये त्याने तातारांना जमिनी दिल्या. त्यांपैकी क्रुशिन्यानी गावी त्यांची लाकडी मशीद आजही आहे.

कामिएनेत्सच्या कॅथीड्रलची तुर्कांनी मशीद केली व तिला मिनार जोडला. १६९९ च्या कार्लोवित्स तहाने पोदोलिया पोलंडकडे परत आला. मिनार पाडला गेला नाही. अठराव्या शतकात त्याच्या माथ्यावर पवित्र मरीयेचा पुतळा बसविण्यात आला. आजच्या युक्रेनमध्ये तो तसाच उभा आहे.

चर्चचा इतिहास शिकविताना शत्रुमित्रांची वाटणी केवळ धर्मावरून केली, तर दोरोशेंकोस आणि त्या तातारांस कोठे बसवावयाचे, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.