शब्दकोडें व पोथींतील कालसंकेत

पोथीच्या अंतीं शब्दांनीं सांगितलेला शक वाचणें व वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडविणें हे दोन उद्योग प्रथमदर्शनीं परस्परांशीं असंबद्ध वाटतात. परंतु दोहोंतही एका शब्दावरून दुसरा अर्थ शोधावयाचा असतो, व दोहोंतही प्रथम सुचलेला अर्थच खरा मानण्याचा मोह पडतो. या मोहास बळी पडून आमच्या हातून घडलेली एक चूक संग्राहकांच्या उपयोगीं पडावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

शब्दकोडें हा प्रकार अर्वाचीन होय. आर्थर विन यानें रचिलेलें पहिलें कोडें न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत २१ डिसेंबर १९१३ रोजीं छापलें गेलें. पुढें इंग्लंडांत त्यास कूटाचें वळण लागलें. सूचनेचा शब्द एका अर्थाचा भासवावा व उत्तर दुसऱ्याच अर्थीं असावें, किंवा दोन शब्दांच्या सांध्यांत उत्तर लपवावें, अशा युक्त्या रूढ झाल्या. आपल्याकडे या युक्त्या नव्या नाहींत. दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं पदांच्या संधीनें अर्थ गूढ करते ती ‘समागता’, व अन्य अर्थीं रूढ असलेल्या शब्दानें फसविते ती ‘वंचिता’. शब्दकोड्यांत अधिक आहे ती एकच गोष्ट : आडवे व उभे शब्द एकमेकांस छेदतात, आणि एका उत्तराची साक्ष दुसरें उत्तर देतें.

आतां पोथ्यांकडे वळूं. भू म्हणजे १, नेत्र २, अग्नि ३, वेद ४, बाण ५, वसु ८, आकाश ०, हे संकेत वाचकांस परिचित आहेत. अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, हेंही सर्वश्रुत आहे. अडचण येते ती अनेकार्थी शब्दांची. ‘लोक’ तीन, सात कीं चौदा? ‘सागर’ चार कीं सात?

आमच्या संग्रहांतील एका गीताटीकेच्या पोथींत शक ‘नेत्र, सागर, बाण, भू’ या शब्दांनीं दिला आहे. पुराणांतील सप्तसागर कानांत बसलेले असल्यामुळें आम्हीं शक १५७२ असा निर्णय केला व वेष्टणावर तोच लिहिला. समासांत ‘रौद्र’ असें संवत्सराचें नांव होतें. तें जुळेना, तेव्हां लेखकाचा प्रमाद म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. इतकेंच नव्हे, तर या पोथीचें अक्षर प्रमाण धरून शक नसलेल्या दोन पोथ्यांचा कालही आम्हीं ठरविला.

पुढें एके दिवशीं नातवाबरोबर शब्दकोडें सोडवीत असतां ‘दर्या, तीन अक्षरें’ या सूचनेस आम्हीं ‘समुद्र’ असें उत्तर लिहिलें. त्यास छेदणाऱ्या ‘नगर’ शब्दास मधें ‘ग’ हवा होता, व तेथें आमचा ‘मु’ बसला होता. कोडें छापणाराची चूक असावी असें आम्ही म्हणालों. नातू म्हणाला, “आजोबा, छापणाराची नाहीं, आपलीच असेल. ‘सागर’ घालून पाहा.” तत्क्षणीं आम्हांस ती पोथी आठवली.

नर्मदेच्या दक्षिणेकडील रीतीनें शकांत १२ मिळवून ६० नीं भागिलें असतां बाकी राहते ती संवत्सराची संख्या होय. बाकी शून्य आल्यास साठावा संवत्सर समजावा. १५७२ चे हिशेबीं बाकी २४, म्हणजे ‘विकृति’. सागर चार मानून १५४२ घेतल्यास बाकी ५४, म्हणजे ‘रौद्र’. लेखक निर्दोष होता; तीस वर्षांची चूक आमची होती, आणि तिच्या आधारें ठरविलेले दोन कालही त्याबरोबर ढांसळले. तिन्ही वेष्टणें आम्हीं बदललीं आहेत.

ग्रंथाच्या पोटांतही अशी साक्ष सांपडते. भास्कराचार्यानें आपला जन्मशक रस, गुण, पूर्ण व मही या शब्दांनीं, म्हणजे १०३६ असा सांगितला, व सिद्धांतशिरोमणि छत्तिसाव्या वर्षीं रचिल्याचेंही नमूद केलें. त्याच्या करणकुतूहलाचा आरंभशक ११०५ आहे. ‘रस’ शब्दानें कोणी काव्यांतील नऊ रस घेतल्यास जन्मशक १०३९ होईल. परंतु ज्योतिषांत षड्रसांवरून सहा हाच संकेत रूढ आहे. शास्त्र कोणतें, हीही एक साक्षच होय.

तात्पर्य, संकेतशब्दाचे संभवनीय सर्व अर्थ प्रथम लिहून काढावे, व संवत्सर, तिथि, वार यांपैकीं जें उपलब्ध असेल त्याच्याशीं प्रत्येक ताडून पाहावें. संवत्सर साठ वर्षांनीं पुन्हां येतो, म्हणून तो एकटा पुरेसा नाहीं. तो केवळ दोन वाचनांतील निवाडा करतो. मूळ प्रतीचा शक नक्कल करणारानें तसाच उतरविला नाहीं ना, हेंही पाहावें. आणि साक्ष जुळेनाशी झाली तर लेखकास दोष देण्यापूर्वीं स्वतःचें उत्तर खोडून पाहावें. सुज्ञांस अधिक लिहिणें नलगे.