तंजावरची छायाचित्रे आणि ग्रंथालयाची नोंदवही

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा ग्रंथालयाच्या तपासणीत लोखंडी कपाटाच्या तळाशी जुन्या छायाचित्रांचा एक गठ्ठा आढळला. नदीचा पूर, एक बाजारपेठ, पागोटी घातलेली मंडळी. साठा नोंदवहीत त्याची नोंद ‘जुने फोटो, एक गठ्ठा’ एवढीच होती. कोणत्या सालचा पूर, कोणती मंडळी, हे सांगणारे एक अक्षरही कोठे नव्हते. कागद बऱ्यापैकी शाबूत होता. माहिती मात्र गेली होती.

अशा वेळी मला तंजावरचे उदाहरण आठवते. तेथील शेवटचे भोसले राजे शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक निवर्तले आणि कंपनी सरकारने राजपद संपुष्टात आणले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८५८ मध्ये, मद्रास इलाख्याचे सरकारी छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप कॅमेरा घेऊन तेथे आले. श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, पुदुक्कोट्टै, मदुरै आणि तंजावर असा त्यांचा दौरा होता. बृहदीश्वर मंदिराच्या विमानाच्या जोत्यावरील शिलालेखांची त्यांनी ओळीने छायाचित्रे घेतली. २१ प्रती एकमेकींना जोडून तयार झालेली ती पट्टी १९ फुटांहून अधिक लांब आहे. (याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, हे वाचकांना ठाऊक असेलच.)

ट्राइप यांची पद्धत एखाद्या दक्ष अभिलेखपालाला शोभेल अशी होती. त्यांनी प्रती सोन्याच्या क्षाराने टोन केल्या, कारण त्यामुळे चांदीची प्रतिमा सहजी फिकी पडत नाही. चित्रांना क्रमांक व स्थळनाम दिले, त्यांचे विषयवार खंड बांधविले, त्यांना छापील वर्णन जोडले आणि मुख्य म्हणजे एकाहून अधिक प्रती काढल्या. पुढे ही सारी व्यवस्थाच गुंडाळली गेली. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी होती, आणि १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर म्हणून आलेले सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी छायाचित्रण ही सरकारला न परवडणारी चैन ठरविली. काटकसरीचा हा शेरा आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी मारलेला असतो. त्याला सरसकट दोष देणे मला जमत नाही. परंतु कचेरी बंद झाली तरी खंड निरनिराळ्या ठिकाणी पोहोचलेले होते. लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयाकडील संग्रह १९८२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीकडे गेला. आजही तेथे स्थळनाम सांगितले की चित्र हाती येते.

आपल्या ग्रंथालयांतील छायाचित्रांची स्थिती अधिक बिकट आहे, आणि त्याचे एक कारण कायद्यात आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमात छापील ग्रंथ आले आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे आली. एखाद्या नागरिकाने दिलेले सुटे छायाचित्र त्यात बसत नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम मुख्यतः केंद्र सरकार व केंद्रशासित प्रदेश यांच्या अभिलेखांपुरता आहे. २००३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय पांडुलिपी मिशन हस्तलिखितांसाठी होते. स्थानिक छायाचित्र ग्रंथ नव्हे, अभिलेख नव्हे आणि पोथीही नव्हे. साहजिकच त्याची जबाबदारी कोणाच्याही तक्त्यात येत नाही.

जतनाच्या तांत्रिक बाजूत फारसे गूढ नाही. जिलेटिनचा थर दमट हवेत फुगतो, त्यावर बुरशी धरते, कसर त्यावरच पोसते. ॲसिटेट फिल्मला आंबूस वास येऊ लागला की तिचे विघटन सुरू झाले असे समजावे आणि ती इतर फिल्मपासून वेगळी ठेवावी. आम्लरहित कागदाची पाकिटे, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवलेले कपाट, सुती हातमोजे, एवढ्यावर पुष्कळ भागते. पाठीमागे मऊ पेन्सिलीनेच लिहावे; शाई पुढे उमटते, आणि पारदर्शक चिकटपट्टीने तर मी पाहिलेल्या कित्येक चित्रांचे पाण्यापेक्षा अधिक नुकसान केले आहे. स्कॅनिंग अवश्य करावे, परंतु नाव नसलेल्या चित्राचे स्कॅन केले तर संगणकात आणखी एक निनावी फाइल वाढते. म्हणून आधी नोंद: स्थळ, अंदाजे साल, कोणी दिले, कोणी ओळखले.

‘कोणी ओळखले’ हा रकाना मी मुद्दाम सुचवितो. त्या जिल्हा ग्रंथालयात पुढे आम्ही वृत्तपत्र वाचनासाठी रोज येणाऱ्या काही वयोवृद्ध वाचकांना बसवून घेतले आणि गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. बाजारपेठ एका गृहस्थांनी पाहताक्षणीच ओळखली. डावीकडचे दुसरे दुकान त्यांच्या मामांचे होते. पुराच्या सालाविषयी दोघांचा वाद झाला, तेव्हा दोन्ही साले त्यांच्या नावांसह लिहून ठेवली. पागोटेवाली मंडळी मात्र कोणालाच ओळखता आली नाहीत. त्यांना ओळखणारा शेवटचा वाचक, ग्रंथपालांच्या सांगण्यानुसार, त्याच पावसाळ्यात वारला होता.