पुढचा धडा कोणता?

साहित्य शिकवणाऱ्या प्रत्येकाला दर जूनमध्ये एक प्रश्न भेटतो. कवितेचा इतिहास ज्ञानेश्वरांपासून आरंभून केशवसुतांपर्यंत आणावा, की विद्यार्थ्याला परिचित असलेल्या आजच्या कवितेपासून हळूहळू मागे न्यावे? कालक्रम पाळला तर एका प्रकृतीचे कवी परस्परांपासून दूर जातात. प्रकृती पाळली तर काळाचा धागा सुटतो. हा प्रश्न आपण बहुधा पाठटाचणाच्या वहीत उरकतो आणि ते काम कारकुनी समजतो. खरी विद्या संशोधनात, टाचण ही केवळ व्यवस्था, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्यासाठी आम्ही येथे आपल्या क्षेत्राबाहेरचे, रसायनशास्त्राच्या इतिहासातले एक उदाहरण घेत आहोत.

दिमित्री मेंडेलीव्ह हे नाव शाळेत सर्वांनी ऐकलेले असते, ते आवर्तसारणीचे जनक म्हणून. ते पेशाने व शिक्षणाने शिक्षक होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. १८५५ साली ते सेंट पीटर्सबर्गच्या शिक्षक घडवणाऱ्या अध्यापन संस्थेतून बाहेर पडले आणि क्रिमियन युद्धाच्या धामधुमीत प्रथम सिम्फेरोपोल, मग ओडेसा येथील शाळांत शिकवू लागले. १८६७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात सामान्य रसायनशास्त्राचे अध्यापन त्यांच्याकडे आले. विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगे रशियन पुस्तक त्यांना आढळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’ लिहावयास घेतले.

त्या काळी रसायनशास्त्र शिकवणे म्हणजे काय होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. अणुभारांविषयीच एकवाक्यता नव्हती. ऑक्सिजनचा अणुभार कोणी ८ धरी, कोणी १६. त्यामुळे पाण्याचे सूत्रही पुस्तकागणिक बदले. हा गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तरुण मेंडेलीव्ह तेथे हजर होते. परिषदेत निर्णय असा झाला नाही. पण अखेरीस एक इटालियन पुस्तिका वाटण्यात आली. स्टानिस्लाओ कॅनिझारो यांची ही पुस्तिका १८५८ साली प्रथम छापली गेली होती. ॲव्होगाड्रो यांच्या १८११ मधील गृहीतकाच्या आधारे अणुभार कसे निश्चित करावेत, हे तीत सांगितले होते. तिचे स्वरूप आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जेनोआ येथील आपल्या वर्गात आपण कोणत्या व्याख्यानात काय सांगतो आणि कशानंतर काय घेतो, याचा तो गोषवारा होता. आपल्या भाषेत सांगायचे तर ते टाचणच. त्या टाचणाने अणुभारांची भाषा एक होण्यास फार मोठे साहाय्य केले.

आता पुन्हा मेंडेलीव्ह यांच्या पुस्तकाकडे. परिचिताकडून अपरिचिताकडे जाण्याची शिक्षकाची वाट त्यांनी धरली होती. पाणी, हवा, कोळसा, मीठ असे रोजचे पदार्थ घेत घेत त्यांनी हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि चार हॅलोजन यांचा विचार केला. १८६९च्या आरंभी पहिला भाग हातावेगळा झाला, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. पहिल्या भागात आठ झाली होती आणि दुसऱ्या भागात ५५ बसवायची होती! वर्ष निम्मे सरले आणि ‘पोर्शन’ तसाच राहिला, ही अवस्था कोणत्या शिक्षकाला अनोळखी आहे?

उरलेल्या मूलद्रव्यांची यादी देऊन सुटका करून घेता आली असती. अनेक पुस्तके तसेच करीत. मेंडेलीव्ह यांना मात्र क्रमाला कारण हवे होते. हॅलोजनांनंतर त्यांनी सोडियम, पोटॅशियम हे अल्क धातू घेतले. त्यानंतर कोण? १७ फेब्रुवारी १८६९ (आजच्या पंचांगाप्रमाणे १ मार्च) ही तारीख असलेले, चीज बनवणाऱ्या दुग्धशाळांच्या पाहणीसंबंधीचे एक पत्र त्यांच्यापुढे होते. त्याच्या पाठीमागे त्यांनी अल्क धातूंचे अणुभार एका ओळीत लिहिले, खाली दुसऱ्या कुळातील धातूंचे मांडले आणि वजाबाक्या केल्या. अशा जोड्या लावत गेले की नियमितपणा दिसू लागतो. क्लोरीन ३५.५, तर पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८०, तर रुबिडियम ८५. आयोडीन १२७, तर सीझियम १३३. गुणांनी अगदी विरुद्ध असलेली दोन कुळे भाराने मात्र शेजारी राहतात. त्याच दिवशीची तारीख असलेला तक्ता त्यांनी छापून घेतला.

तक्त्याची युक्ती साहित्याच्या अभ्यासकाला सहज उमगेल. एका दिशेने भाराचा क्रम, दुसऱ्या दिशेने कुळाचे नाते. कालक्रम आणि प्रकृती यांतील एकाचा बळी न देता दोन्ही सांभाळण्याची ती रीत होती. दोहोंचा विरोध आला तेथे त्यांनी गुणांवर विश्वास ठेवला. टेल्युरियमचा भार आयोडीनपेक्षा अधिक असूनही ते आयोडीनच्या आधी बसवले. जेथे कोणीच बसेना, तेथे जागा रिकामी ठेवली. पुढे गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) त्या जागांवर येऊन बसले.

हा तक्ता मेंडेलीव्ह यांना स्वप्नात दिसला, अशी कथा लोकप्रिय आहे. ती मागाहून सांगितलेल्या आठवणींवर उभी आहे. शिवाय स्वप्नाची कथा टाचणाचे श्रम झाकून टाकते. अध्यापनाची निकड असली की शोध लागतोच, असेही अर्थात नव्हे. तसे असते तर त्या काळचा प्रत्येक प्राध्यापक मेंडेलीव्ह झाला असता. पण योगायोग एवढाच मानावा, तर जर्मनीतील लोथार मायर यांचे काय करावे? त्यांचा २८ मूलद्रव्यांचा तक्ता १८६४च्या त्यांच्या ग्रंथात आहे, आणि कॅनिझारोंची ती पुस्तिका त्यांनीही कार्ल्सरूहहून नेली होती. १८८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने दोघांना मिळून डेव्ही पदक दिले. आमच्या मते, विषय दुसऱ्यासमोर क्रमाने मांडावा लागतो तेव्हाच त्यातील विस्कळीतपणा टोचू लागतो. संशोधक आपल्या कोपऱ्यात तो दुर्लक्षू शकतो. शिक्षकाला उद्याच्या तासाला उभे राहायचे असते.

म्हणूनच २०२२ साली अभ्यासाचा भार हलका करताना राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञान पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळले, तेव्हा आम्हांस विशेष खंत वाटली. ते अकरावीत आहे, हे उत्तर खरे आहे. पण दहावीनंतर विज्ञान सोडून आपल्या वर्गात, साहित्याकडे, येणाऱ्या मुलांना ते आता भेटणार नाही. यादी आणि व्यवस्था यांतील भेद दाखवणारा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही, आणि तो भेद साहित्याच्या विद्यार्थ्याला रोज लागतो. काय वगळावे आणि कशानंतर काय यावे, हे ठरवणे कारकुनी नाही. येत्या जूनमध्ये टाचणवही उघडताना एवढे तरी आपण स्मरावे.